दुसऱ्या खुर्चीचे खड्डे

गाडीची डिकी उघडी टाकून तो गल्लीत गुडघ्यांवर बसला होता आणि डांबरातल्या एका खड्ड्याची खोली मोजत होता. सकाळी आल्या आल्या मोजला तेव्हा खड्डा चांगला खोल होता. आता दुपारी तोच निम्म्याने वर आला होता. शेजारचा मात्र जिथल्या तिथे.

खड्डे म्हणजे काय, खुर्चीच्या पायांचे ठसे. आईच्या फाटकाबाहेर, चार इकडे, चार तिकडे. उन्हाने डांबर मऊ होतं, वजन पडलं की दबतं, वजन उचललं की हळूहळू वर येतं. कुठलं डांबर किती दबेल आणि किती वेळात किती सावरेल, याचं गणित मांडणं हाच त्याचा धंदा. त्या गणितावर मोठमोठे रस्ते होत होते. आणि इथे आईच्या दारातल्या आठ बोटभर खड्ड्यांनी साहेबांची दांडी गुल केली होती. एकच गल्ली, एकच डांबर, एकच ऊन. मग चार खड्डे वर येतात आणि चार ढिम्म, हे कसं?

खरं तर तो आईला न्यायला आला होता. कायमची. बाबा गेले, ती एकटी पडली, दिवसभर कुढत असेल, म्हणून तो केव्हापासून तिच्या मागे लागला होता. दर वेळी ती त्याला वाटाण्याच्या अक्षता लावायची. गेल्या आठवड्यात मात्र फोनवर हो म्हणाली, आणि इतक्या पटकन, की आनंद व्हायच्या आधी तो गोंधळलाच. सकाळी येऊन बघतो तर सामान बांधून तयार, आणि चेहरा असा, जणू कोणी हिला घराबाहेर काढतंय. विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, झोप झाली नाही.

खुर्च्यांचं विचारलं तेव्हा तिने सांगितलं, दोन्ही माझ्याच. फाटकालगतच्या खुर्चीवर बसायचे, पलीकडच्या खुर्चीवर पाय ठेवायचे. त्याने मान डोलावली आणि बाहेर येऊन पुन्हा बघितलं. पाय ठेवायच्या खुर्चीचे खड्डे बसायच्या खुर्चीपेक्षा खोल. आता आईचे पाय आईपेक्षा जड कसे असतील? त्याचं डोकंच चालेना.

मग एकदम त्याच्या लक्षात आलं. आठही खड्ड्यांवरचं वजन एकाच दिवशी उचललं गेलं, असं तो धरून चालला होता. घोडं पेंड खात होतं ते तिथेच. एक खुर्ची आधीच आत गेली असेल, तर दुसरीत दुसरंच कोणी बसत होतं.

आई शेवटची पिशवी घेऊन फाटकात आली.

“आई, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? दुसऱ्या खुर्चीत कोण बसायचं?”

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, समोरचे शिंपीकाका. त्यांचीही बायको गेलेली. संध्याकाळी दोघं आपापल्या खुर्चीत गप्पा मारायची, खुर्च्या रात्रंदिवस तिथेच असायच्या, बाकी काही नाही. मुलगा न्यायला येतो म्हणतोय, असं तिने गेल्या आठवड्यात त्यांना सांगितलं. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. राहा म्हणतील म्हणून ती जरा थांबली, पण छे. तेव्हाच तिने आपली खुर्ची आत घेतली, फाटकाला कडी घातली, त्याला फोन केला आणि मागच्या खोलीत सामान बांधत बसली. ज्याला आपली पर्वा नाही त्याच्यासाठी कशाला थांबायचं?

रागवावं की हसावं, त्याला कळेना. इतकी वर्षं तो आईला एकटी समजत होता. पण खड्ड्यांबद्दल त्याची आता खात्री होती.

“आई, तुझ्या खुर्चीचे खड्डे आठवड्याचे जुने आहेत. जेवढे सावरायचे तेवढे सावरले,” तो म्हणाला. “दुसरे अजून वर येतायत. ती खुर्ची आज सकाळीच उचललीय, माझी गाडी दिसली म्हणून असेल. तोवर काका रोज इथे बसत होते. तुझ्या बंद फाटकासमोर.”

आईने पिशवी तिथेच रस्त्यावर ठेवली. गाडीला वळसा घालून ती समोरच्या दारापाशी गेली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी कडी वाजवली. शिंपीकाकांनी दार उघडलं.

“आठवडाभर नुसतं बसता येतं,” ती म्हणाली, “आणि तोंडाने एकदा ‘राहा’ म्हणता येत नाही का हो तुम्हाला?”