बरोबर शंभर

निवृत्तीनंतर सासरेबुवांनी घरीच वीज मोजायचा मीटर बनवायला घेतला. त्यासाठी नेमका शंभर ओहमचा रेझिस्टर हवा होता. सून रेझिस्टरच्या कारखान्यात कामाला होती, तिथलंच पाकीट तिने आणून दिलं. पाकिटावर शंभर छापलेलं, पण मोजायला जावं तर कुणी सत्त्याण्णव भरायचा, कुणी एकशे तीन. अख्खं पाकीट पालथं घातलं, तरी शंभराचा एकही सापडेना.

“पाच टक्के इकडेतिकडे चालतं म्हणे,” ते सुनेवर करवादले. “पण चुकूनसुद्धा एखादा बरोबर येऊ नये? तुमच्या त्या कारखान्यात सगळे डोळे मिटून काम करतात की काय?”

सुनेने चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला.



“डोळ्यांत तेल घालून करतो, बाबा. बरोबर शंभराचे निघतात ना, ते महागड्या पाकिटांसाठी मीच आधी वेचून काढते.”