फुकटचा बर्फ

सुंदराबाई वारली त्याच्या आदल्या दिवशीही ती कैरीच्या पन्ह्याची कळशी आणि चकल्यांची पुरचुंडी घेऊन चैत्रातल्या जत्रेला गेली होती. जत्रेत पैसे उधळायचे ते पाळण्यावर, खायचं-प्यायचं मात्र घरचं, असा तिचा शिरस्ता. बर्फ तेवढा घरी नसे, म्हणून ती दरसाल सरबताच्या गाडीशेजारीच पथारी मांडायची.

"भाऊ, खडाभर बरफ टाक रे यात."

"मावशे, माझ्या गाडीपुढं बसून घरचं पितेस, वर बरफ पन माझाच?"

"मग तुला पन देते ना गिलासभर! तुझ्या रंगाच्या पान्यापेक्षा बरं."

तो हसत बर्फ फोडायचा आणि स्वतःचाच ग्लास पुढे करायचा. कॉलेजात जाणारी कुणाली तेवढा वेळ आईकडे पाठ करून लांब उभी राहायची, जणू ओळखदेख नाही.

आई गेल्यावर पुढच्या वर्षीच्या जत्रेत कुणाली एकटीच त्या गाडीपाशी गेली. सरबतवाला बर्फ फोडता फोडता सारखा रस्त्याकडे बघत होता.

"कुणाची वाट बघताय?"

"एक मावशी येते. बरफ फुकट नेते, वर माझ्याच सरबताला नावं ठेवते. तिच्या पन्ह्यासाठी सकाळपासून घसा कोरडा ठेवलाय. तुमी ओळखता काय तिला?"

"माझी आई ती," कुणाली म्हणाली, आजूबाजूच्या गाड्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.