डाव्या पंखामागचा चौकोन

“अजून घासला नाहीस तो चौकोन?” भिंग खाली ठेवीत ओइशीने काताहिरांना विचारले.

हौशी लोकांच्या प्रदर्शनात दोघांच्या मध्ये टेबलावर सुटे भाग जोडून बांधलेली दोन प्लास्टिकची विमाने उभी होती, एकाच प्रकारच्या खोक्यातून निघालेली. समुद्रात हरवलेल्यांचा शोध घेणारे दोन इंजिनांचे विमान, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे. ओइशीच्या विमानाचे अंग डाव्या पंखामागे गुळगुळीत होते. काताहिरांच्या विमानावर नेमक्या त्याच जागी करंगळीच्या नखाएवढा उठावदार चौकोन होता.

“चाळीस वर्षं झाली, शिगे. खऱ्या विमानावर असलं काही नसतं, असं मासिकात छापून आलं, ज्यानं त्यानं पॉलिश पेपर घेऊन घासून टाकला. आणि तू? आपलीच चूक रंगवून, वर वॉर्निश मारून मांडून ठेवतोस.”

“कोरली मीच आहे. लपवायची कशाला?”

शिझुओकातील एका कारखान्यात १९७९ साली या छोट्या विमानाचा पोलादी साचा काताहिरा शिगेहारु यांनी कोरला होता. मूळ आराखडे मिळाले नव्हते. हवाई तळाच्या कुंपणाबाहेरून टिपलेली अकरा छायाचित्रे तेवढी हाती होती. त्यांपैकी एकात पंखामागे चौकोनी रेघ दिसत होती. दुरुस्तीसाठी उघडण्याचे झाकण असावे, असे समजून त्यांनी ती पोलादात उतरवली. तीन वर्षांनी त्या जातीचे पहिले विमान निवृत्त होऊन संग्रहालयात आले, तेव्हा ते मुद्दाम पाहायला गेले. त्या जागी अखंड पत्रा होता. छायाचित्रातली रेघ बहुधा शिडीची सावली होती.

कागदावरची रेघ पुसता येते. पोलादातली राहते.

आता कंपनी त्याच साच्यातून ते विमान पुन्हा बाजारात आणणार होती. या खेपेस खोक्याच्या कडेवर साचा कोरणाऱ्याचे नावही छापायचे होते. होकार की नकार, ते आज प्रदर्शन संपण्यापूर्वी कळवायचे होते. नकाराचे पत्र काताहिरांच्या खिशात तयार होते. चुकीच्या शेजारी आपले नाव छापून घ्यायचे, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. सकाळी डबा बांधताना त्यांची बायको नोबुए एवढेच म्हणाली होती, “नको तर नको म्हणा. पण खोक्यावर तुमचं नाव बघायला मला आवडलं असतं हो.”

दुपारी एक वाकलेले गृहस्थ टेबलापाशी आले. ओइशीच्या विमानावरून त्यांची नजर नुसती सरकली. काताहिरांच्या विमानासमोर मात्र ते थांबले, चष्मा काढून खाली झुकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

“झालं,” ओइशी पुटपुटला. “यांनाही दिसला.”

“हे कुणी केलं?” गृहस्थांनी विचारले.

“मी. साचाही मीच कोरला होता.”

“हा चौकोनसुद्धा?”

“हो, तोसुद्धा.”

“खोका कधी आला होता बाजारात?”

“एकोणऐंशीच्या वसंतात.”

गृहस्थांनी मान हलवली. मनातला एखादा जुना हिशेब जुळावा तशी. “मी तोगाशी. उत्तरेच्या तळावर ही विमानं बावीस वर्षं माझ्या हाताखालून गेली.”

काताहिरा उठून उभे राहिले. खरे विमान हाताळलेला माणूस कधीतरी समोर येईल, याची त्यांनी चाळीस वर्षे धास्ती घेतली होती. त्यांनी कमरेतून वाकून म्हटले, “चूक माझी आहे, तोगाशी-सान. तिथं काही नसतं, हे मला ठाऊक आहे.”

“कोण म्हणतं नसतं?”

तोगाशींनी पाकिटातून कडा झिजलेले एक छायाचित्र काढून टेबलावर ठेवले. तेच विमान, तोच डावा पंख. पंखामागे एक चौकोनी झाकण उघडे, आणि त्यात खांद्यापर्यंत हात घालून उभा असलेला तरुण तोगाशी.

ओइशीने भिंग उचलले. आधी छायाचित्र पाहिले, मग काताहिरांचे विमान, मग स्वतःचे गुळगुळीत विमान.

“आणि मी तीन दिवस घासत बसलो होतो,” तो म्हणाला.

“मी सांगत नव्हतो, घासू नकोस म्हणून?”

“तू कधी सांगितलंस? तू तर माझ्याआधी रडत होतास.”

काताहिरा हसले. पाठीवरचे पोते कुणीतरी अलगद उतरवून घ्यावे, तसे त्यांना वाटले. खिशातल्या पत्राचे त्यांनी चार समान तुकडे केले, कंपनीच्या टेबलापाशी जाऊन होकार कळवला आणि आपल्या नावाची अक्षरे स्वतः लिहून दिली. मग नव्या हंगामाच्या चहाचे दोन पेले घेऊन ते तोगाशींना बाहेरच्या बाकावर घेऊन गेले.

“मासिकाला कळवायला हवं,” वही उघडीत ते म्हणाले. “छायाचित्र कुठल्या सालचं?”

“मागे लिहिलंय.”

काताहिरांनी छायाचित्र उलटले. पेन्सिलीने लिहिले होते: मार्च १९८३. त्यांची लेखणी थांबली.

“त्याआधीचं एखादं आहे का?”

“त्याआधी तिथं साधा पत्राच होता. आतला पंप बदलायचा तर अख्खा पंख उतरवायचा, दोन दिवस मोडायचे. बोट बुडाल्याची खबर यायची आणि विमान आमचं हँगरमध्ये पडलेलं.” तोगाशींनी चहाचा घोट घेतला. “मग एके दिवशी आमच्या वस्तादांनी तुमच्या खोक्यातलं विमान बांधून आणलं, आमच्यापुढे ठेवलं, या चौकोनावर बोट टेकवलं आणि म्हणाले, इथं कापा.”