घाटावरचं दूध

अणुऊर्जा प्रकल्पाच्या प्रयोगशाळेतून तो दर महिन्याला आवडाकाकीकडे यायचा, तिच्या गाईचं लिटरभर दूध किरणोत्सर्गाच्या तपासणीला न्यायला. आज पहिल्यांदाच मागच्या दाराने आला, तर गोठा रिकामा. दाव्याला जळमटं लागलेली.

"काकी, गाय कुठंय?"

"दोन वर्षं झाली मरून." काकीने मान खाली घातली. "घाटावरच्या टेम्पोतनं दूध घेते. गाय नाही म्हटलं असतं, तर तू कशाला आला असतास? माझ्याकडे चहाला दुसरं कोण बसतं?"

म्हणजे दोन वर्षांच्या नोंदी खोट्या. वर कळवावंच लागणार, आणि नमुन्यांच्या यादीतून हे घर जाणार.

"विहिरीचं पाणी चालेल का रे?" काकीने विचारलं. "विहीर काय मरत नाही."

यादीत तिची विहीर नव्हती. तरी त्याने बाटली भरून घेतली. लेबल मात्र लावलं नाही.