आधी गूळ

नाल ठोकायच्या दिवशी राहीचा बाप बैलाला गूळ चारायचा, पाठ थोपटायचा आणि बैल निवांत झाला की दोरी ओढून आडवा पाडायचा. मग नालबंद खुरात खिळे मारायचा. म्हणून पाथर्डीच्या दवाखान्यात बापानं तिला गूळ दिला, तेव्हा दुष्काळी कामावर दगडाची कपची रुतून सुजलेला पाय राहीनं पोटाशी ओढला. “काई दुखायचं न्हाई, गुणाची बाय माझी,” म्हणत त्यानं पाठ थोपटली, तशी आता आपल्यालाही आडवं पाडणार, अशी तिची खात्रीच पटली. नर्सबाई पट्टी घेऊन आल्या. “दोरी कुठंय? खिळं कुठंयत?” राहीनं दरडावलं. बाई हसल्या नाहीत. पट्टी तिच्याच हाती देत म्हणाल्या, “दोरी नाही, खिळे नाहीत. पण कपची काढताना दुखेल.” राहीनं पाय पुढं केला. ओरडली, पण पळाली नाही. बाहेर गाडीच्या बैलापुढं तिनं तोच न खाल्लेला गूळ धरला. बैलानं आधी बापाच्या हातांकडं पाहिलं.