राजधानीचा बेत

मरण्यापूर्वी प्रत्येकानं आपली राजधानी डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, असं उमरग्याच्या अंबादासपंतांचं ठाम मत होतं. मरण अजून लांब असल्यामुळं लग्नापासून ते बायकोला हैदराबाद नुसतं सांगत आले होते. अठ्ठेचाळीस साली चारुशीलाबाईंनी अखेर वळकटी बांधली, आणि त्याच आठवड्यात निजामाचं राज्य गेलं. पंत ताठ मानेनं घरी आले.

“सोड ती वळकटी. आपली राजधानी आता दिल्ली. हैदराबाद हाकेवर होतं, दिल्ली बघ किती लांब. एवढा मोठा झाला आपला देश. जाऊ सवडीनं.”

चारुशीलाबाईंनाही अभिमान वाटला. वळकटी काखोटीला मारून त्या सडकेवर आल्या, मागोमाग पंतही. सोलापूरकडून हैदराबादची मोटार येत होती.

“दिल्लीला जाऊ की सावकाश. तोवर मला वापरलेली राजधानी चालेल. तेवढा हात दाखवा मोटारीला.”