पालथी ताटं

सातवीच्या वर्गानं शाळेच्या ओसरीत ताटं पालथी घातली आणि हाताची घडी घालून सगळे गप्प बसले. पुढं शिवानी. तिच्या हातात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला फलक होता, ‘आधी सर जेवतील.’

शिळीमकर सरांना पहिल्यांदा बरंच वाटलं. निषेध कसा करावा, हे त्यांनी सोमवारीच शिकवलं होतं. आरडाओरडा नाही, दगड नाही. मागणी एकच, आणि ज्याच्याकडं मागायचं त्याच्या तोंडावर. धरणात जमिनी गेलेली म्हातारी माणसं उन्हात ठिय्या देऊन कशी बसत, तेही सांगितलं होतं. तेव्हा आकाश जांभया देत होता. आज तोच सगळ्यांत ताठ बसला होता. शिकवलेलं इतक्या लवकर अंगी लागलेलं सरांनी साऱ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी फलक दुसऱ्यांदा वाचला आणि त्यांचे कान तापले.

शाळेची खिचडी सगुणाबाई शिजवायची. ती बौद्धवस्तीतली. जूनमध्ये तिला हे काम मिळालं, तेव्हा वरच्या आळीची पोरं घरून डबे आणू लागली होती. सरांनी एकेका उंबऱ्यावर जाऊन समजावलं, कुठं दरडावलं, आणि डबे बंद केले. वर्गातही बजावलं, “खिचडीला कुणी नाव ठेवलं तर त्यानं बाईंची जात काढली असं मी समजेन.” त्या दिवसापासून खिचडीबद्दल शाळेत कुणी ब्र काढला नव्हता. सरांना याचा कोण अभिमान. भोरला शिक्षकांच्या बैठकीत ते हे सांगत. लोक टाळ्या वाजवत.

स्वतः सर मात्र घरचा डबा खात. शुगर होती ना. शुगर खरीच होती, डॉक्टरांनीच सांगितली होती. पण आता एवढ्या डोळ्यांपुढं त्यांच्या मनात आलं, शुगर नसती तर आपण इथलं खाल्लं असतं का? उत्तर चटकन येईना. 

स्वयंपाकखोलीच्या दारात सगुणाबाई हातात पळी घेऊन उभी होती. तिला फलक दिसत नव्हता, पालथी ताटं दिसत होती. पोरं जेवेनात, हे शाळा समितीच्या कानावर गेलं की तिचं काम जाणार. वरच्या आळीतली एक जण त्या कामावर डोळा ठेवून होतीच.

“सर, माजं काय चुकलं आसंल तर सांगा,” ती म्हणाली.

“तुमचं नाही, बाई. माझं चुकलं.”

सर रांगेत मांडी घालून बसले. शेजारचं एक जादा ताट ओढून त्यांनी सुलटं केलं. घसा खाकरला. “मुलांनो, समता ही नुसती तोंडानं सांगायची गोष्ट नव्हे...”

“आदी खावा, सर,” शिवानी म्हणाली.

सगुणाबाईनं वाढलं. सरांनी घास घेतला. चावला. थांबले. खात्री करायला दुसरा घेतला. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

“कशी लागती, सर?”

सरांनी एकदा सगुणाबाईकडं पाहिलं, एकदा ताटाकडं. “चांगलीय. म्हणजे... मीठ जरासं...”

“जरासं न्हाई. अळणी हाय,” शिवानी म्हणाली. “जूनपासून खातोय आमी. बोललो आसतो तर तुमी म्हणला आसता, जात काढली. म्हटलं, आता तुमीच काय ते बोला.”

रांगेत खसखस पिकली. सरांचे कान पुन्हा तापले, या खेपेला दुसऱ्याच कारणानं.

“चाखून नाही का बघत, बाई?” त्यांनी हळूच विचारलं.

“चाखताना कुणी बगितलं आन् घरी जाऊन सांगितलं, बाईनं उष्टं वाढलं, तर? आदीच डबं यायला लागलं हुतं. म्हणून अंदाजानं घालते, हात राखून.” मग ती म्हणाली, “वाढायच्या आदी मास्तरांनी चाखायचं, आसा नेम हाय म्हणं. तुमी काय कदी फिरकला न्हाई.”

 सर उठले आणि मिठाचा डबा घेऊन आले. सगुणाबाईनं मीठ घातलं, खिचडी खालवर केली. सर चाखायला हात पुढं करणार, तेवढ्यात तिनंच पळीच्या टोकाशी आलेली चिमूटभर खिचडी तळहातावर घेतली. रांगेकडं एक नजर टाकली आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकली.

 मग एकेक ताट सुलटं होऊ लागलं.

आकाशनं पहिला घास घेतला. “मावशी, मीठ बरूबर हाय. पण वाटाणं कच्चं हायती.”

“आन् बुधवारची आमटी लई पातळ आसती,” शिवानी म्हणाली.

“कवाकवा भात खाली लागतो, मावशी. करपट वास येतो.”

“मिरची बारीक चिरत जावा. दाताखाली येती.”

सर घाईघाईनं उठले. “ए, पुरे आता. बाईंना काय वाटेल?”

सगुणाबाई दाराच्या पायरीवर टेकली. इतक्या दिवसांत ती पोरांसमोर कधी बसली नव्हती.

“बोलू द्या, सर,” ती म्हणाली. “जूनपासनं मला पावणीवानी वागवत हुती. आज कुठं घरातली झाले.”